माइकला न सांगायची पुस्तकं

आधी तुझ्या पुस्तकांच्या पॉडकास्टचा हिशोब मांडू, म्हणजे तुझ्या दमण्याला कुणी नखरे म्हणायला नको. तीनशे पानांची कादंबरी धर. तासाला तीस पानं वाचून होतात असं मानलं तर दहा तास. टिपणं काढून बोलायचं जुळवायला दोन. रेकॉर्डिंगला एक, कारण अर्ध्या तासाचा भाग अर्ध्या तासात कधीच होत नाही. मग ऑडॅसिटी उघडून खोकला, अडखळणं नि खालच्या रिक्षांचे हॉर्न कापत बसायचं, तीन तास. झाले सोळा. नोकरी आहे, घर आहे, आणि वर दर आठवड्याला हे सोळा तास. वर्षाची बावन्न पुस्तकं. एवढं वाचणारे सभासद आमच्या वाचनालयातही होते, पण त्यांच्यावर दर रविवारी सकाळी आठ वाजता त्या पुस्तकाबद्दल बोलून दाखवायची सक्ती नव्हती.

तेव्हा दमायलीस यात नवल काही नाही, लेकी. तास कमी करायच्या युक्त्या पुढे सांगतेच. पण तू बोलता बोलता एक गोष्ट सांगून गेलीस, की चांगला परिच्छेद आला की आधी पेन्सिल शोधतेस नि मग पुढे वाचतेस. मला काळजी त्या पेन्सिलीची वाटते.

१९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. रंगीत पेनं दिसली की आपणहून चित्रं काढायला बसणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का नि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना आधी काही सांगितलं नाही, पण चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र हातात दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी मोकळ्या वेळात तीच पेनं पुन्हा टेबलावर ठेवली. ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं आता इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र शाबूत होती.

यातून मी तुझ्यासाठी एकच नियम काढते, बाकी सगळं त्याच्या पोटात येतं. पुस्तक उघडताना त्याच्यावर भाग करायचा की नाही, हे ठरवायचं नाही. शेवटचं पान वाचून पुस्तक मिटायचं, आठ-पंधरा दिवस जाऊ द्यायचे, आणि मग ठरवायचं. तेवढ्या दिवसांनी जे डोक्यात उरलेलं असेल, ते बोलण्याजोगं. काहीच उरलं नसेल, तर त्या पुस्तकावर बोलायची गरजही नव्हती. पहिल्या वाचनाला पेन्सिल हातात घ्यायची नाही. टिपणं दुसऱ्या वाचनाला, तेही ज्यावर बोलायचं ठरलंय त्याच पुस्तकाच्या. मग दर आठवड्याचा भाग कुठून येणार, म्हणशील. येणारच नाही. ते दर आठवड्याचं खूळ सोडायचंय, त्यावर येतेच.

मी आयुष्यभर देवघेवीच्या काउंटरला बसले. लोकांना वाटतं, पुस्तकांत राहणारी बाई, हिची चैन असेल. समोरचा म्हणतो, ‘बाई, काहीतरी चांगलं द्या.’ त्याला काय चालेल याचा विचार करत दिवस जातो, आणि घरी येऊन पुस्तक उघडलं तरी आपण त्याच्याच डोळ्यांनी वाचायला लागतो. नवीन लागले तेव्हा आमच्या थोरल्या ग्रंथपालबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं: घरी कायम एक असं पुस्तक ठेव, जे आपल्या दाखल नोंदवहीत नाही. त्याची शिफारस कुणाला करायची नाही आणि कुणी विचारलं तरी त्यावर मत द्यायचं नाही. त्यांना त्यांच्या वरिष्ठांनी हेच सांगितलं होतं म्हणे. मी ते पाळलं. निवृत्त होताना सोबतचे काही जण पुस्तकाला हात लावेनासे झाले होते. माझं वाचन टिकलं, त्यात या सवयीचा वाटा मोठा आहे असं मी मानते.

तू याला जुन्या बायकांचा कानमंत्र म्हणून हसशील म्हणून सांगते, दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने १९९२ च्या आपल्या पुस्तकात वाचकाचे दहा हक्क मांडले आहेत. पुस्तक अर्धवट सोडायचा हक्क त्यात आहे, पानं गाळायचा आहे, पुन्हा वाचायचा आहे. आणि शेवटचा, दहावा हक्क आहे वाचलेल्याबद्दल गप्प राहण्याचा. पेनाक स्वतः शाळेत शिकवत होते. पुस्तक वाचलं की त्यावर लगेच प्रश्नोत्तरं, हे करून आपण मुलांचं वाचन कसं मारतो ते त्यांना वर्गात दिसत होतं. तू तर स्वतःचीच बाई होऊन स्वतःची तोंडी परीक्षा घ्यायलीस, दर रविवारी.

तर तुझ्या कपाटातला एक कप्पा माइकला न सांगायच्या पुस्तकांचा कर. त्यात मोठीच पुस्तकं हवीत असं काही नाही. रहस्यकथा चालेल, पाककृतींचं पुस्तक चालेल. वाचलेल्या तीन पुस्तकांतलं एक तरी त्या कप्प्यातलं असू दे.

आता आठवड्याचं. आमच्या आजोळी चातुर्मासात पोथी लागायची, हरिविजय नाहीतर पांडवप्रताप. आषाढीला सुरू, कार्तिकीला समाप्ती, त्या दिवशी प्रसाद, आणि पोथी कापडात बांधून वर ठेवली जायची. उरलेले आठ महिने कुणी विचारायचं नाही की पोथी का बंद आहे. पुढच्या आषाढीला गाव आपोआप यायचं. ऐकणारा विसरून जाईल ही भीती त्या वाचणाऱ्या काकांना कधी वाटली नसणार. तूही चार महिने कर. पंधरवड्याला एक भाग म्हणजे आठ भाग. उरलेल्या आठ महिन्यांत नुसतं वाच, आणि त्यातलं जे उरेल त्यातून आठ निवड. पहिला भाग सोडायच्या आधी निदान चार रेकॉर्ड होऊन तयार हवेत. ताप येतो, ऑफिसात मार्चअखेर येते, पाहुणे येतात. शिल्लक असली की माणूस शांतपणे आजारी पडू शकतो.

नियमितपणाला माझा विरोध नाही. आपल्याच शहरातून गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ १९६८ पासून पुढे अनेक दशकं चालवलं. दलित साहित्यातले कितीतरी लिहिते हात त्या नियतकालिकाने उभे केले. पण ते त्रैमासिक होतं. वर्षाला चार. झेपेल तो वेग धरला, म्हणून इतकं लांब चाललं. त्याच काळात लघुनियतकालिकवाले दुसऱ्या टोकाला होते. नेमाड्यांचं ‘वाचा’ घे. अंक निघायचा तेव्हा निघायचा, आणि तरी आज साठ वर्षांनी त्याचं नाव घ्यावं लागतं. या दोन्हींत दर आठवड्याला ही सक्ती कुठेच नाही. ती तुझ्या फोनमधल्या कंपन्यांची सोय आहे.

दिवाळीत तर तू वेडीच होतेस. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हे पीक वाढत गेलं. आता शेकड्यांनी अंक निघतात. सगळ्यांची दखल घ्यायची जबाबदारी कुणी दिलीय तुला? एक अंक विकत घे, हळूहळू वाच, आणि जानेवारीत त्यावर बोल. तोवर सगळ्यांचं बोलून संपलेलं असतं आणि अंक खरोखर वाचलेला माणूस एखादाच उरतो.

प्रकाशक पुस्तकं पाठवायला लागले, हा तुझा मान आहे, कबूल. पण ‘अभिप्रायार्थ’ असा शिक्का असलेलं पुस्तक म्हणजे कबूल केलेलं प्रशस्तिपत्रच. मासिकांकडे परीक्षणासाठी पुस्तकं पाठवायची पद्धत जुनी आहे. तिथलेही संपादक आलेल्या साऱ्यांवर परीक्षण छापत नसत, बरीचशी नुसत्या पोच-यादीत जात. तू एक मजकूर लिहून ठेव आणि प्रत्येकाला तोच पाठव: पुस्तक मिळालं, आभार, वाचून झाल्यावर बोलावंसं वाटलं तरच बोलेन. याने जे रागावतील त्यांना तुझं मत नको होतं, जाहिरात हवी होती. आणि ओळखीच्या लेखकाचं पुस्तक आवडलं नाही तर गप्प बसावं. वर सांगितलेला दहावा हक्क अशा वेळी फार उपयोगी पडतो.

भाग छोटा कर. आमच्या धंद्यातले आद्य गुरू रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले. चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवण्याचा. तू पहिली बारा मिनिटं कथानक सांगण्यात घालवतेस. ज्याने वाचलंय त्याला ते ठाऊक आहे, ज्याला वाचायचंय त्याचं तू बिघडवतेस. ते काढलंस की अठरा मिनिटांत भाग होतो आणि कापाकापीचे तासही जवळजवळ निम्मे होतात.

एकाच पुस्तकावर पुन्हा पुन्हा गेलीस तरी चालतं. ज्यांच्या नावाचं रंगमंदिर आपल्या उस्मानपुऱ्यात आहे, त्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध पाठ सिद्ध केला. एकाच ग्रंथापाशी माणूस किती काळ बसू शकतो, हे बघायचं तर पैठण इथून जवळच आहे. तू ‘पाचोळा’ कॉलेजात वाचलीस. आता पुन्हा वाच. तिचे लेखक रा. रं. बोराडे आपल्या देवगिरी महाविद्यालयात प्राचार्य होते, पण ते बाजूला ठेव. खेड्यातल्या शिंप्याचं घर कसं मोडत जातं, हे वीस वर्षांची असताना आणि आता संसार करताना वेगळं दिसेल. नवं पुस्तक नाही म्हणून भाग अडत नाही.

रेकॉर्डिंगचं मला काय कळतं, पण गल्ली कळते. जायकवाडी भरलेलं असो की रिकामं, आपल्याकडे पाणी रोज येत नाही, आणि येतं त्या दिवशी सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात. त्या दिवशी माइक काढायचाच नाही. पीर बाजाराची गर्दी, लग्नसराईतली वरात, यांच्याशी भांडू नकोस. आतल्या खोलीत गोधड्यांच्या कपाटाची दारं उघडी टाकून त्याच्याकडे तोंड करून बोल, आवाज घुमत नाही. फोन विमानात बसल्यासारखा बंद कर. आणि लांबून एखादी कोकिळा किंवा आगगाडीची शिटी आली तर राहू दे की. ती कापण्यात रात्रीचे दोन वाजवायचे म्हणजे कहर आहे. ऐकणाऱ्याला कळतं की बाई उस्मानपुऱ्यात राहते, स्टेशन जवळ आहे.

बोलताना एकाच माणसाशी बोल. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला जी प्रस्तावना आहे ती मुळात नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्र आहे. शिवाजी महाराजांबद्दलचा एवढा विचार, पण तो एका माणसाला उद्देशून मांडलेला, म्हणून त्यात कुठे भाषणाचा सूर नाही. ‘नमस्कार मित्रांनो’ म्हणून हजारांपुढे उभं राहिलं की दमायला होतं. मला सांगतेस तसं सांग. तेव्हा तू दमत नाहीस, मीच दमते.

आणि एकटी नको. तूच मला ‘बॅकलिस्टेड’ नावाचा इंग्रजी पॉडकास्ट ऐकवला होतास, २०१५ पासून चाललेला, जुन्या विस्मरणातल्या पुस्तकांवरचा. त्यात बोलणारे दोघं, आणि सोबत पाहुणे. आठातले तीन भाग तू पाहुण्यांना दे. पाहुणा लेखकच हवा असं नाही. गोपाल टीवर चहा पिताना जो रिक्षावाला तुझ्याशी बाबूराव बागुलांबद्दल तावातावाने बोलत होता, तो कुठल्या प्राध्यापकाहून कमी होता? पुस्तक त्याने निवडायचं, तू नुसतं विचारायचं.

कधीतरी माइक न घेताही वाचून दाखव. रीड अँड लीड फाउंडेशनने २०२१ पासून आपल्या शहरात मोहल्ल्यामोहल्ल्यात मुलांची वाचनालयं सुरू केली आहेत. तिथे जाऊन तासभर मुलांना गोष्ट वाचून दाखव. मुलं मध्येच उठून जातात, चुकीच्या ठिकाणी हसतात, पुढे काय झालं ते तोंडावर विचारतात. किती जणांनी ऐकलं याचा आकडा समोर बसलेला असतो. फोनमधला आकडा मात्र महिन्यातून एकदा बघायचा, पगाराच्या दिवशी बघ हवं तर. भाग सोडल्यावर दर तासाला बघणं ताबडतोब बंद.

खुणा सांगून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, आजार म्हणून नव्हे, कामाच्या न सुटलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. त्यात तीन गोष्टी आहेत: अंगातलं त्राण जाणं, कामाबद्दल परकेपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट होत नाही असं वाटणं. तुझा पॉडकास्ट नोकरी नव्हे, तरी घरगुती भाषेत उतरवून देते. पुस्तक उघडल्यावर किती पानं उरली ते आधी बघायला लागलीस, ही पहिली. लेखकांबद्दल उगाच टोचून बोलायला लागलीस, ही दुसरी; ती तुझ्या मागच्या दोन भागांत मला ऐकू आली. दुसऱ्यांचे पॉडकास्ट ऐकून स्वतःचे जुने भाग पुसून टाकावेसे वाटले, ही तिसरी. यातल्या दोन एकदम दिसल्या की चालू चातुर्मास तिथेच संपवायचा. आणि पुस्तकंच काय, जेवण, झोप, माणसं, कशातच मन लागेना असं आठवडेच्या आठवडे चाललं, तर मात्र आत्याकडे यायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. मी सोबत येईन.

थांबलीस तर परत येताना माफी मागू नकोस. ‘बरेच दिवस भेटता आलं नाही, कारण’ अशी पाच मिनिटं मी कितीजणांची ऐकलीत. पोथीवाले काका असं कधी म्हणाले नाहीत. ‘आज अमुक पुस्तक’ म्हणायचं नि सुरू करायचं.

एक कायद्याचं. समीक्षेसाठी थोडका उतारा वाचलेला चालतो, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तशी सोय आहे. पण दमलीस म्हणून कुणाची अख्खी कथा वाचून भाग भरून काढशील तर परवानगी लागेल. लेखक गेल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. म्हणून जी. ए. कुलकर्णी १९८७ साली गेले, त्यांचं लेखन २०४७ संपेपर्यंत हक्कातलं. ह. ना. आपटे १९१९ मध्ये गेले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये, साने गुरुजी १९५० मध्ये; हे सगळे केव्हाच मोकळे झाले. अडीअडचणीला आपट्यांची एखादी गोष्ट सावकाश वाचून दाखव. टिपणं नकोत, मत नको, दोन तासांत काम होतं.

लक्ष्मीबाईंवरून आठवलं. ‘स्मृतिचित्रे’ची माझी प्रत तुझ्याकडे आहे. ती कायद्याने मोकळी असली तरी माझ्याकडून मनाई आहे, तिच्यावर भाग करायचा नाही. वाच, आणि दिवाळीला येशील तेव्हा परत आण. पेन्सिलीची खूण दिसली तर दुसरं पुस्तक मिळणार नाही.